नानांच्या गाडीवरचे ओरखडे

शुक्रवारी सकाळी सोमनाथ तोंड धुवायला बाहेर आला, तर शेळी गाडीवर चढलेली. मागचे पाय बॉनेटवर, पुढचे काचेवर, आणि मान ताणून ती कडुलिंबाचा खाली लोंबणारा पाला ओरबाडत होती.

"माय! शेळी!" तो एवढ्या जोरात ओरडला की शेळी बिचकली. तिला खाली उतरता येईना. चारी खूर चकचकीत पत्र्यावर घसरत, खरवडत ती खाली आली आणि काहीच झालं नाही अशा थाटात गोठ्याकडे निघून गेली. आवाज ऐकूनच सोमनाथच्या दातांत शिरशिरी आली.

गाडी त्याची नव्हती. रामकिसन नानांची होती. नाना माजी सभापती, बीडला बंगला, तीन तालुक्यांत उठबस. सोमनाथ तीन वर्षं त्यांचा ड्रायव्हर होता. बुधवारी नाना दुसऱ्या पुढाऱ्यांच्या गाडीतून मुंबईला गेले. जाताना म्हणाले होते, "शनिवारी आपल्या पोराचा, आदिनाथचा साखरपुडा हाय गेवराईला. गाडी आरशासारखी पाहिजे. बंगल्याच्या बाहेर काढू नको."

आणि गुरुवारी सोमनाथनं गाडी बाहेर काढली. संकष्टी होती. त्याची आई सारजाबाई दर संकष्टीला गावातल्या गणपतीला जायची. लिंबागणेशच्या शिवाराबाहेर त्यांची वस्ती, तिथून देऊळ चालत पाऊण तास. तिचे गुडघे आता ऐकत नव्हते. लेक एवढी मोठी गाडी चालवतो आणि आपण कधी तिच्यात बसलो नाही, असं ती एकदा शेजारणीला म्हणाली होती. सोमनाथला तिनं कधी सांगितलं नाही, पण त्याच्या कानावर आलं होतं. त्यानं तिला मागच्या सीटवर बसवून देवळात नेलं, परत आणलं आणि गाडी लिंबाखाली लावली. सकाळी लवकर बीडला परतायचं होतं.

आता तो बॉनेटपुढं उभा होता. काळ्या रंगावर पांढऱ्या रेघा. काही केसाएवढ्या, काही चांगल्या ठळक. त्यानं खांद्यावरचा टॉवेल घेतला आणि घाईघाईनं पुसायला लागला. धूळ होती, लिंबाचा चिकट थेंब होता, लेंडीचा डाग होता. पुसून टॉवेल उचलला तर रेघांच्या भोवती धुरकट गोल उमटले होते.

"अजून घासा," त्याची बायको ऋतुजा मागून म्हणाली. "धुळीसकट घासलं की अजून चरे पडतेत. बोरिंगची बादली आणू का?"

"तू गप बस."

तिनं बादली आणून त्याच्यापुढं ठेवली.

सारजाबाई दारात बसली होती. ती शेळी तिचीच, पाठीवर पांढरा पट्टा असलेली, तीन महिन्यांची गाभण. सारजाबाई शेळीकडं बघत नव्हती, गाडीकडंही बघत नव्हती. "मी म्हनले होते का तुला, गाडीत बसव म्हनून?" ती हळूच म्हणाली. सोमनाथच्या डोळ्यापुढं जीवन होता.

जीवन त्याच्या आधीचा ड्रायव्हर. त्यानं गाडी फाटकाला घासली होती, बोटभर पोचा. नानांनी त्याला पन्नास माणसांसमोर थोबाडीत मारली होती. सोमनाथ तेव्हा कार्यकर्त्यांच्या गर्दीत उभा होता. जीवन गालाला हात न लावता किल्ली ओट्यावर ठेवून निघून गेला, आणि संध्याकाळी तीच किल्ली सोमनाथच्या हातात आली. तेव्हा त्याला आनंदच झाला होता.

त्यानं पप्पूला फोन लावला. पप्पू त्याचा शाळेतला मित्र, बीडला बार्शी नाक्यावर गाड्या धुवायच्या सेंटरवर काम करायचा.

"गाडी घेऊन ये हिकडं," पप्पू म्हणाला.

"नाक्यावर? तिथं दर दोन माणसांत एक नानांचा हाय. गाडी उभी केली की पाच मिनटांत मुंबईला फोन जाईल."

"मग घरीच कर."

"मला येतंय व्हय त्यातलं?"

"मला तरी आईच्या पोटातून आलतं का बे? ये मोटरसायकलवर, सामान देतो. आन सोम्या, तवर त्याला हात लावू नको. टॉवेल तर बिलकूल लावू नको."

सोमनाथनं हातातल्या टॉवेलकडं पाहिलं आणि तो शेळ्यांच्या दावणीवर फेकून दिला.

तीस किलोमीटर जायचं, तीस यायचं. मांजरसुंब्याच्या घाटात ट्रकांच्या मागं अडकल्यावर तो तोंडानं हॉर्न वाजवल्यासारखा शिव्या घालत होता. पप्पूच्या सेंटरवर लग्नाच्या गाड्यांची रांग लागलेली. पप्पूनं हात पुसत दहा मिनिटांत त्याला सगळं शिकवलं. शाम्पू, साबणाची पावडर न्हाई. दोन बादल्या, एक फेसाची, एक कापड खळबळायची. मग हा चिकणमातीसारखा गोळा, पाणी मारून अलगद फिरवायचा, रंगाला चिकटलेली बारीक कचकच तो ओढून घेतो. मग कंपाऊंड, चरे घासून काढायचं मलम, आणि शेवटी मेणाचा हात.

"नख लावून बघ," पप्पू म्हणाला. त्यानं सोमनाथचं बोट धरून शेजारच्या एका गाडीच्या चऱ्यावरून फिरवलं. "नख अडकलं न्हाई तर चरा वरच्या थरात हाय, घासून जातो. अडकलं तर तो पॉलिशनं जात न्हाई, तिथं रंगच लागतो. हे डोक्यात ठेव. न जाणाऱ्याच्या मागं लागलास की जाणारं पन बिघडवशील."

"आन मशीन?"

"तुझ्या हातात मशीन न्हाई देणार मी. हातानं कर. फोमच्या तुकड्यावर हरभऱ्याएवढे चार थेंब, वीतभर जागा, आडवं मग उभं. सावलीत, थंड पत्र्यावर. आधी एका कोपऱ्यात करून बघ. सुकायच्या आत पूस."

परत यायला साडेअकरा वाजले. तोवर ऋतुजानं आपल्या मनानं कामं करून ठेवली होती. कडब्याचं पत्र्याचं शेड रिकामं करून, जमिनीवर पाणी शिंपडून तिनं धूळ बसवली होती. शेळ्या घेऊन सोमनाथचा बाप मुंजाजी डोंगराकडं गेला होता. सोमनाथनं गाडी शेडमध्ये घेतली आणि धुवायला लागला. दर दहा मिनिटांनी खिशातला फोन वाजल्याचा भास व्हायचा, ओल्या हातानं काढून बघावं तर काही नसायचं.

गोळा फिरवताना पहिल्यांदा त्याला थोडं बरं वाटलं. आधी हाताला खरखर लागायची, मग गोळा सरकायला लागला की ती बंद व्हायची. पत्रा काचेसारखा लागायचा. त्यानं ऋतुजाला बोलावून बोट फिरवायला लावलं. "सायीवानी लागतंय," ती म्हणाली.

मग रेघा दिवसाच्या उजेडात नीट दिसेनात, म्हणून त्यानं शेडच्या अंधारलेल्या कोपऱ्यात मोबाइलचा टॉर्च लावून बॉनेटवर धरला. आणि तो बघतच राहिला.

टॉर्चच्या उजेडाभोवती बारीक बारीक गोल रेघांचं जाळं उमटलं होतं, कोळ्याच्या जाळ्यासारखं. त्याला वाटलं, एवढं सगळं शेळीनं केलं? त्यानं टॉर्च दरवाज्यावर धरला. तिथंही जाळं. मागच्या डिकीवर धरला. छतावर धरला. सगळीकडं. शेळी काही डिकीवर चढली नव्हती.

तीन वर्षं तो रोज सकाळी बंगल्यासमोर कोरड्या फडक्यानं गोल गोल हात फिरवत ही गाडी पुसत होता. नाना चहा पीत बघायचे आणि म्हणायचे, याला म्हनतेत काम. धुळीवर कोरडं फडकं. हजार सकाळी. शेळीच्या रेघा त्यानं मोजल्या तर चौदा भरल्या.

"काय झालं?" ऋतुजानं विचारलं.

"ह्या माझ्या हायेत," तो म्हणाला. "शेळीच्या न्हाईत. माझ्याच हायेत समद्या."

तिला नीट समजलं नाही, पण त्याचा चेहरा बघून तिनं भाकरीचं ताट परत आत नेलं.

त्यानं बॉनेटच्या एका कोपऱ्यात करून पाहिलं. चार थेंब, आडवं, उभं, पुसलं. टॉर्च धरला. तेवढ्या वीतभर जागेत जाळं नव्हतं. काळा रंग खोल विहिरीसारखा दिसत होता. त्याला हसू आलं आणि लगेच घाम फुटला, कारण आता तो तुकडा बाकीच्या गाडीपासून वेगळा दिसायला लागला होता. निदान पूर्ण बॉनेट केल्याशिवाय सुटका नव्हती.

दीडला फोन खरंच वाजला. नाना.

"सोमनाथ, गाडी पुसली का रे?"

"हो नाना. चालूच हाय."

"कुठं हायेस? कोंबडं वरडल्यासारखं वाटतंय."

"बंगल्याच्या मागं, नाना."

फोन ठेवल्यावर तो शेडबाहेर गेला, परत आत आला, पाणी प्यायला, अर्धं ओतून दिलं. बॉनेटचा चौथा हिस्सा झाला होता. हातानं हा वेग असेल तर अंधार पडेल. शेजारच्या वस्तीवर नाथा राहायचा, मोटारपंप बसवणारा. त्याच्याकडं ड्रिल मशीन होतं.

"पप्पूभाऊजी न्हाई म्हनले होते ना?" ऋतुजानं त्याला मशीन आणताना पाहून विचारलं.

"पप्पूला कुठं उद्या गेवराईला जायचंय?"

त्यानं ड्रिलच्या तोंडाला फोमचा गोल तुकडा बसवला. पहिली पाच मिनिटं मजेत गेली. हातानं अर्धा तास लागणारी जागा दोन मिनिटांत चकाकली. त्याचा जीव जरासा भांड्यात पडला. शेळीच्या चौदांपैकी अकरा रेघा गेल्या. उरलेल्या तिन्हींत नख अडकत होतं. त्यातली एक बॉनेटच्या डाव्या बाजूला, पत्र्याला जिथं धारदार मोड आहे, तिथंच होती. तो तिच्यावर मशीन धरून राहिला. जाईना. आणखी दाबलं.

"वास येतोय," ऋतुजा म्हणाली.

त्यानं मशीन उचललं. मोडावर अंगठ्याच्या नखाएवढा राखाडी डाग पडला होता. काळा रंग तिथं उरलाच नव्हता. आणि चरा मात्र त्या डागाच्या मधोमध तसाच होता.

सोमनाथ जमिनीवर बसला. ओल्या मातीत बसला. ऋतुजानं मशीनची पिन काढली. सारजाबाई उठून शेडपाशी आली, डागाकडं वाकून बघितलं आणि म्हणाली, "आता सांगून टाक. माझं नाव सांग."

"तुझं नाव कावून सांगू?"

"मग शेळीचं सांग."

"माय, शेळीनं न्हाई केलं हे. हे मी केलंय."

मग तो उठला, मशीन नाथाकडं पोचवून आला आणि उरलेलं बॉनेट हातानं करायला घेतलं. आता घाई करून काही वाचणार नव्हतं, तरी जीव थाऱ्यावर नव्हता. आडवं करताना उभं विसरायचा. ऋतुजा दुसरं कापड घेऊन समोर उभी राहिली आणि तो थेंब लावेल तसं ती पुसत गेली. "थांबा, हितं राहिलं," एवढंच अधूनमधून म्हणायची. सहा वाजता मुंजाजी शेळ्या घेऊन परतला, तेव्हा दोघं मेणाचा शेवटचा हात देत होते.

शनिवारी नऊ वाजता बंगल्याच्या अंगणात गर्दी होती. मुंबईहून पहाटे आलेले नाना आंघोळ करून, पांढरे कपडे घालून बाहेर आले. सोमनाथनं रात्रीच गाडी परत आणून डावी बाजू भिंतीकडं येईल अशी लावली होती. लावताना त्याला आपलीच लाज वाटली होती.

नाना थबकले. "अरे! नवी आणली का काय?" ते गाडीभोवती अर्धी फेरी फिरले. दरवाजे बॉनेटएवढे चमकत नव्हते, पण त्यांना ते कळलं नाही. त्यांनी बॉनेटमध्ये बघून आपली टोपी नीट केली. लोक हसले. "बघा, याला म्हनतेत काम. आदिनाथ, शिक जरा याच्याकडून. कुणाकडून केलंस रे?"

"मीच केलं, नाना. घरी."

"घरी?"

तो शब्द त्याच्या तोंडून निसटला होता. पण निसटल्यावर मागं घ्यावासा वाटला नाही. "घरी नेली होती गाडी. तुमी नको म्हनले होते तरी नेली. मायला देवळात न्यायला. सकाळी शेळी चढली बॉनेटवर. ते घासून काढायला गेलो, तर हिकडं रंग जळाला." तो चालत गेला आणि भिंतीकडच्या बाजूला जाऊन डागावर बोट ठेवलं. "आन नाना, तीन वर्षं मी कोरड्या फडक्यानं पुसत होतो, त्यानं समद्या गाडीवर चरे पडलेत. ते पन माझेच."

अंगण गप झालं. जीवनला मारलं तेव्हाही असंच गप झालं होतं. सोमनाथनं हात पाठीमागं बांधले.

नानांच्या सतत सोबत असणारा सत्यम नावाचा कार्यकर्ता होता. शांतता त्याला झेपत नसे. "नाना, शेळीची एवढी हिंमत!" तो म्हणाला. "उद्या रविवार हाय, ताटातच घेऊ तिला."

सगळे हसले. नानाही हसले, सुटल्यासारखे. "हां. घेऊन ये रे सोमनाथ उद्या. प्रकरण मिटलं."

हसणं चालूच होतं. सोमनाथला कळत होतं की नुसती मान हलवली तर सगळं खरंच मिटेल.

"न्हाई," तो म्हणाला.

"काय?"

"शेळी न्हाई आणनार नाना. गाभण हाय. आन लिंबाखाली गाडी मी लावलती, तिनं न्हाई."

नाना त्याच्याकडं बघत राहिले. त्यांचा उजवा हात कुर्त्याच्या खिशापाशी गेला, बाहेर आला, पुन्हा खिशात गेला. मग त्यांनी घड्याळ पाहिलं. "चला, मुहूर्त गाठायचाय," ते म्हणाले आणि मागच्या सीटवर जाऊन बसले.

गेवराई गाठली. साखरपुडा झाला, जेवणं झाली. सोमनाथ न जेवता मांडवाबाहेर गाड्यांमध्ये फेऱ्या मारत राहिला. परतताना नानांनी घरच्यांना दुसऱ्या गाडीत बसवलं आणि स्वतः पुढं, त्याच्या शेजारी येऊन बसले. हे कधी होत नसे. महामार्गावर वाळूच्या टिपरांची रांग लागली होती. गढी गाव मागं पडल्यावर नाना काचेकडं बघत म्हणाले,

"मला विचारलं असतंस, मायला न्यायचंय म्हनून, तर मी नको म्हनलो असतो का?"

सोमनाथनं पुढचा टिपर जाऊ दिला. "हो, नाना. नको म्हनले असते."

नानांनी त्याच्याकडं वळून पाहिलं.

"म्हनलो असतो," ते शेवटी म्हणाले.

बंगल्यावर उतरताना त्यांनी हात पुढं केला आणि किल्ली मागून घेतली. "आठ दिवस आराम कर. गाडी आदिनाथ चालवंल. मग बघू."

ते "मग बघू" घेऊन सोमनाथ वस्तीवर आला. त्याला वाटलं होतं, सगळं सांगितल्यावर हलकं वाटेल. तसं झालं नाही. झोप लागायची नाही, फोन उशाशी घेऊन पडायचा, नानांचा फोन आला तर काय बोलायचं याची शंभर वाक्यं जुळवायचा. सारजाबाई काही विचारायची नाही, त्याचा त्रास जास्तच व्हायचा. तिसऱ्या दिवशी त्यानं पप्पूकडून आणलेलं उरलेलं कंपाऊंड काढलं आणि नाथाच्या जुन्या जीपचा एक दरवाजा करून टाकला. नुसते हात कशात तरी गुंतावेत म्हणून. पाचव्या दिवशी गावातले गुरांचे डॉक्टर तो दरवाजा बघून आपली निळी गाडी घेऊन आले. त्यांनी विचारलं, जमंल का? सोमनाथनं आधी नख लावून पाहिलं आणि मग सांगितलं, हे सात जातील, हा एक जाणार न्हाई. डॉक्टर म्हणाले, खरं सांगितलंस तेच बरं.

आठव्या दिवशी तो त्या निळ्या गाडीच्या छतावर काम करत होता. ऋतुजा समोरून पुसत होती. फोन वाजला.

"सोमनाथ, कुठं हायेस?" नानांचा आवाज नेहमीसारखाच होता. "मला युसूफवडगावला जायचंय. आदिनाथचं चालवणं मला मानवत न्हाई. तासाभरात ये."

आठ दिवस तो याच फोनची वाट बघत होता. त्यानं ऋतुजाकडं पाहिलं. तिनं कापड हातात तसंच धरलं होतं.

"आज जमनार न्हाई, नाना," तो म्हणाला. "एक गाडी करायला घेतलीय. डॉक्टरांना सांजच्याला द्यायचीय. उद्या सकाळी येतो."

पलीकडं कुणीतरी बोलत होतं, भांड्यांचा आवाज होता. सोमनाथनं फोन कानाला आणखी दाबून धरला.

"किती वाजता?" नानांनी विचारलं.

"नऊला."

"आठला ये," नाना म्हणाले आणि फोन ठेवला.